पुन्हा पहिल्यापासून नको!

(गणेशोत्सवातील बालकलाकार व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'पियानोचा सराव आणि रंगमंचावरील आत्मविश्वास' असा भारदस्त विषय मंडळाने मला दिला आहे. मी पियानोवादक नाही. नोकरी यंत्रांच्या चाचण्या घेण्याची. पियानोशी संबंध आला तो एका मुलीचा बाप म्हणून आणि पुढे पन्नाशीनंतर तिच्याच शेजारी बसून चार धडे गिरवणारा विद्यार्थी म्हणून. तेव्हा अधिकारवाणीने नव्हे, तर चुका करून शिकलेल्या माणसाच्या नात्याने बोलणार आहे.

आधी एक छोटीशी परीक्षा घेतो. आत्ताच आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवत आरती म्हटली. आता डोळे मिटा आणि मनातल्या मनात गणपतीच्या आरतीचे तिसरे कडवे थेट सुरू करा. पहिले म्हणायचे नाही, दुसरेही नाही.

बघा, निम्म्या मंडळींचे ओठ पहिल्या कडव्याकडे वळले! लहानपणापासून म्हणत आलो ती आरती, पण मधूनच उचलता येत नाही. याचा अर्थ ती आपल्या जिभेवर बसली आहे. आपल्या हातात आलेली नाही. माझे आजचे सगळे भाषण या एका गोष्टीवर आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना या शहरातल्याच एका उत्सवात तिने पियानोचा एक तुकडा वाजवायला घेतला. जी मेजरमधला मिन्युएट. कित्येक वर्षे तो बाखच्या नावावर होता; तो मुळात क्रिस्टियान पेट्झोल्डचा, हे नंतर सिद्ध झाले. पियानो शिकणारे बहुतेक प्रत्येक मूल तो वाजवते. एकूण ३२ बार, म्हणजे तालाची ३२ लहान आवर्तने म्हणा. सोळा-सोळाचे दोन भाग. पहिले सोळा बार तिने सुरेख वाजवले. दुसऱ्या भागाच्या तोंडाशी बोट चुकले आणि ती थांबली. मी पहिल्या रांगेत होतो. मदत करायची म्हणून हळूच म्हणालो, "पहिल्यापासून घे." तिने घेतले. पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा अडल्यावर ती उठली आणि विंगेत निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कसल्या टाळ्या आहेत हे नऊ वर्षांच्या मुलालाही कळते.

घरी येताना रिक्षात तिने एकच विचारले, "बाबा, घरी मला येत होतं ना?" त्यानंतर कितीतरी महिने आमच्या कीबोर्डवरचे कापड निघाले नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या कामाच्या जागी सापडले. तुमच्यापैकी बरेच जण माझे सहकारी आहेत, तुम्हाला हे चटकन पटेल. टेबलावर व्यवस्थित चालणारे यंत्र आपण विमानात बसवतो का? नाही. आधी ते तापवतो, गोठवतो, थरथरणाऱ्या पाटावर बांधून तासन्‌तास हलवतो. तिथेही चालले तर 'पास'. मुलीचा मिन्युएट मी फक्त टेबलावर तपासला होता आणि एकदम विमानात बसवला होता.

शिवाय तो सरावही सदोष होता. चूक झाली की मी म्हणायचो, "पुन्हा पहिल्यापासून." हिशेब करून पाहिला तेव्हा लक्षात आले की एका संध्याकाळी पहिले सोळा बार वीस वेळा वाजत, तर दुसरे सोळा जेमतेम सात-आठ वेळा. म्हणजे जे येत होते तेच पक्के होत होते. त्याहून वाईट म्हणजे चूक झाली की थांबायचे आणि मागे जायचे, हाही सराव ती रोज करत होती. रंगमंचावर तिने नेमके तेच केले. मुलीने शिकवलेले चोख वाजवले हो, शिकवणारा चुकला होता!

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पियानोच्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना त्यांनी शोस्ताकोविचच्या पियानो कॉन्चेर्टोतला एक अवघड, जेमतेम तीन बारचा तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोणी किती वेळ सराव केला किंवा किती वेळा वाजवले, याचा दुसऱ्या दिवसाच्या वादनाशी संबंध दिसला नाही. सरस ठरलेल्यांचे वैशिष्ट्य वेगळे होते. चूक नेमकी कुठे आणि कशामुळे होते ते त्यांनी शोधले, गती उतरवली, तेवढीच जागा दुरुस्त केली आणि ती स्थिर होईपर्यंत सोडली नाही. चुका त्यांच्याही झाल्या, पण त्याच त्या चुका त्यांनी पुन्हापुन्हा घोटल्या नाहीत.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. वेदपाठी लोक संहिता सरळ पाठ करून थांबत नाहीत. जटापाठ आणि घनपाठ यांत तेच शब्द पुढे, मागे आणि पुन्हा पुढे असे गुंफून म्हणतात. कुठल्याही शब्दावरून उचलता आले पाहिजे, मगच पाठ झाले. आपल्या गवयांचेही तसेच. तान कुठेही भरकटो, सम कुठे आहे हे ठाऊक असते, म्हणून परत येता येते.

तेव्हा मुलांनो, आता कामाचे सांगतो.

पहिली गोष्ट: आपल्या तुकड्यात पाच-सहा 'स्टेशने' ठरवा आणि कागदावर पेन्सिलीने खुणा करा. रोज चिठ्ठी काढा आणि जे स्टेशन येईल तिथून थेट सुरू करा. शेवटच्या स्टेशनाने सुरुवात केलीत तर आणखी चांगले. मग वाजवताना तुम्ही अनोळखी मुलखातून ओळखीच्या मुलखाकडे जाता.

दुसरी गोष्ट: रोज एकदाच, बोटे गरम न करता, शाळेतून आल्या आल्या पूर्ण तुकडा वाजवा. काहीही झाले तरी थांबायचे नाही. उजवा हात चुकला तर डावा चालू ठेवा. दोन्ही चुकले तर पुढच्या स्टेशनावर उडी मारा. चूक दुरुस्त करणे हा एक सराव आणि चुकीवरून पुढे जाणे हा दुसरा. दोन्ही लागतात, फक्त एकाच वेळी करू नका.

तिसरी गोष्ट: वाद्यापासून दूर बसून वाजवा. डोळे मिटून बोटे, पट्ट्या आणि आवाज डोक्यात आणा. अल्व्हारो पास्कुआल-लिओने यांच्या १९९५ सालच्या प्रयोगात पियानो न शिकलेल्या लोकांना पाच बोटांचा एक पाठ दिला होता. रोज दोन तास, पाच दिवस. एका गटाने तो प्रत्यक्ष वाजवला, दुसऱ्याने वाद्यासमोर बसून केवळ कल्पनेत. मेंदूतला बोटांचा ताबा घेणारा भाग दोन्ही गटांत विस्तारलेला आढळला. प्रत्यक्ष वाजवणारे अर्थातच पुढे होते, पण नुसती कल्पना करणारेही चांगलेच सुधारले होते. शिवाय कल्पनेत जिथे धूसर होते, तीच तुमची कच्ची जागा.

चौथी गोष्ट वाद्याची. सतारवाला आपली सतार घेऊन येतो, पियानोवाल्याला समोर असेल ते वाद्य वाजवावे लागते. आपल्या फ्लॅटांमध्ये बहुधा ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड असतो आणि परीक्षेत समोर येतो ८८ पट्ट्यांचा जड पियानो. तेव्हा आधी दोन-तीनदा तरी दुसऱ्या वाद्यावर वाजवून या. त्या दिवशी लवकर निघा, सिल्क बोर्डच्या सिग्नलला वेळेची कदर नसते. बसल्यावर स्टुलाची उंची नीट करा, पायाला पेडल लागते का पाहा, पहिली ओळ मनात गुणगुणा आणि मगच हात ठेवा. तेवढा वेळ लोक थांबतात.

आता भीतीबद्दल. हात गार पडणे, छाती धडधडणे, घसा कोरडा होणे, हे सगळे ॲड्रेनालिनचे काम. शरीर रक्त त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळवते, म्हणून बोटे गार लागतात. हा आजार नव्हे, शरीर सज्ज झाल्याची ती खूण आहे. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाण्यापूर्वी ज्यांनी "मी घाबरलोय" म्हटले त्यांच्यापेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणारे जास्त अचूक गायले. म्हणून मुलांना "घाबरू नकोस" असे सांगू नका. त्यांना फक्त 'घाबर' एवढेच ऐकू येते. कोमट पाण्यात हात धुवायला लावा, सावकाश श्वास सोडायला सांगा आणि म्हणा, "मजा येणार आहे."

मोठ्यांचीही ही अवस्था होते. व्लादिमीर होरोवित्झ हे गेल्या शतकातले अत्यंत नावाजलेले पियानोवादक. १९५३ नंतर ते बारा वर्षे रंगमंचावर आले नाहीत. १९६५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतले. पोर्तुगालच्या मारिया जुआव पिरेस यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲम्स्टरडॅममध्ये त्या पियानोपाशी बसल्या आणि वाद्यवृंदाने मोत्सार्टचा २० वा कॉन्चेर्टो सुरू केला. बाईंची तयारी मोत्सार्टच्याच दुसऱ्या कॉन्चेर्टोची! नोटेशन जवळ नाही, समोर श्रोते. सुरुवातीची दोन-अडीच मिनिटे एकटा वाद्यवृंद वाजतो, तेवढाच अवधी. संचालक रिकार्दो शायी हात न थांबवता त्यांना धीर देत राहिले आणि बाईंनी तो कॉन्चेर्टो स्मरणातून वाजवला. याला लोक चमत्कार म्हणतात. मला त्यात घनपाठ दिसतो. आधी इतके पक्के झाले होते की कुठल्याही दाराने आत शिरता येत होते.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. परीक्षेत एक चूक झाली म्हणजे सर्व संपले असे समजू नका. ट्रिनिटीच्या परीक्षेत शंभरपैकी साठ गुणांना उत्तीर्ण करतात, एबीआरएसएमला दीडशेपैकी शंभर. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनीही चुकांना जागा ठेवली आहे; आपण घरी ठेवत नाही. मूल रंगमंचावरून उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत चूक काढू नका. ती त्याला तुमच्याआधी कळलेली असते.

आमच्या घरी कीबोर्डवरचे कापड कसे निघाले ते सांगून थांबतो. पुढच्या वर्षी घरच्या गणपतीत तिच्या आईने एक युक्ती केली. दर्शनाला येणाऱ्यांना प्रसाद देताना ती म्हणे, "दोन मिनिटं बसा, ही काहीतरी वाजवते." काहीतरी म्हणजे काहीही, चार ओळीसुद्धा. पाच दिवसांत तीसेक वेळा तिने वाजवले असेल. बोलणाऱ्या काकूंसमोर, रडणाऱ्या बाळासमोर, कुकरच्या शिट्टीत. कितीदा तरी चुकली. चहा पिणारे कोणी थांबले नाहीत, मग तीही थांबेनाशी झाली. आमची थरथर-चाचणी अशी झाली!

त्यानंतर पुन्हा एकदा तिने तोच मिन्युएट लोकांसमोर वाजवला. सतराव्या बारला उजवा हात पुन्हा घसरला. माझ्या तोंडावर शब्द आले होते, मी ते गिळले. डावा हात चालू राहिला, दोन बार नुसताच. मग उजवा येऊन मिळाला आणि तुकडा पूर्ण झाला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय सफाई आहे हो!" त्यांना काहीच कळले नव्हते. घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "बाबा, आज तुम्ही काही बोलला नाहीत."

त्या दिवशी आम्ही दोघेही पास झालो.

उद्याच्या सर्व बालकलाकारांना मनःपूर्वक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!