शाळिग्रामाच्या नदीकाठी
(अंबत्तूर येथे मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नेपाळविषयक पुस्तकाच्या अनुवादकाला लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात : तेथे गेल्यावर काय पाहिल्यावाचून परतू नये? प्रश्न साधा आहे. पण शिखरांची यादी देऊन त्याचे उत्तर पुरे होत नाही. नेपाळचे वेगळेपण असे की पर्वत, नदी, देवालय आणि माणूस यांचे नाते तेथे अद्याप तुटलेले नाही. ते नाते पाहायचे, तर प्रवाशाने पैशाबरोबर दिवसही खर्च केले पाहिजेत. माझ्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. नोकरी-उद्योगाच्या निमित्ताने आपली कुटुंबे या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात आली, तेव्हा देव्हाराही बरोबर आला. त्यात माहेराहून आणलेली अन्नपूर्णा असते आणि पुष्कळ घरी काळा, गुळगुळीत शाळिग्रामही असतो. हा शाळिग्राम नेपाळातील काली गंडकीच्या पात्रातला. आणि ही नदी ज्या पर्वताच्या पायथ्याने वाहते, त्याचे नावही अन्नपूर्णाच. आपल्या तमिळ शेजाऱ्यांचे नाते तर याहून स्पष्ट आहे. श्रीवैष्णवांच्या 108 दिव्यदेशांपैकी शाळिग्राम हे क्षेत्र परंपरेने मुक्तिनाथ मानले जाते आणि तिरुमंगै आळ्वारांनी त्याचे स्तवन केले आहे. म्हणून चेन्नईहून आजही यात्रेकरूंचे तांडे तिकडे निघतात. आपण नेपाळला जातो तेव्हा अगदी अनोळखी देशात जात नाही, हे ध्यानात असावे.

काठमांडूला पोहोचल्यावर पहिली संध्याकाळ पशुपतिनाथासाठी ठेवावी. तेथील मुख्य पूजेचा अधिकार परंपरेने दक्षिणेतून गेलेल्या भट्टांकडे आहे. गाभाऱ्यातील मुखलिंगाचे दर्शन झाल्यावर लगेच परतू नये. वागमतीच्या पैलतीरावरील पायऱ्यांवर तासभर बसावे. समोर आर्यघाटावर चिता जळत असतात, काही पावलांवर आरती चालू असते, आणि एकाच्या शोकाने दुसऱ्याची पूजा थांबत नाही. मृत्यू आपण शहरांत नजरेआड करून टाकला आहे. तेथे तो देवळाच्या दारातच आहे. मात्र हा देखावा नव्हे. कोणाच्या तरी घरचे दुःख आहे, म्हणून तेथे छायाचित्रे घेण्याचा मोह आवरावा.

दुसरा अनुभव बौद्धनाथाच्या स्तूपाचा. पहाटे किंवा दिवेलागणीला लोकांच्या प्रवाहात मिसळून स्तूप उजवीकडे ठेवीत प्रदक्षिणा घालावी. 1959 नंतर तिबेटमधून आलेल्या निर्वासितांनी या परिसरात वस्ती केली. त्यांच्या वृद्ध स्त्रिया हातातली माळ ओढीत चालताना पाहिल्या की आपल्याला वारीतल्या म्हाताऱ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. मराठी माणसाला या नगरीत आणखी एक स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि तेथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्या विचारांची तुलना करणारे भाषण केले. पुढे काही दिवसांतच, 6 डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षाभूमीची वाट अशी हिमालयाच्या कुशीपर्यंत पोहोचलेली आहे. शक्य असेल त्याने लुंबिनीलाही जावे. बुद्धाचा जन्म येथे झाला, हे सांगणारा सम्राट अशोकाचा शिलास्तंभ आजही तेथे उभा आहे.

25 एप्रिल 2015 च्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि शेकडो देवळे ढासळली. बौद्धनाथाच्या शिखरालाही तडे गेले होते; पण नोव्हेंबर 2016 मध्ये ते पुन्हा पूर्ण झाले. भक्तपूरला 1702 च्या सुमारास बांधलेले पाच छपरांचे न्यातपोल मंदिर या धक्क्यातही उभे राहिले. त्या चौकात फिरताना उभ्या राहिलेल्या वास्तूंइतकेच, नव्याने लाकूड कोरणाऱ्या नेवार कारागिरांकडेही पाहावे. परंपरा म्हणजे जुने दगड नव्हेत, ते पुन्हा रचण्याचे हातातले ज्ञान होय, हे तेथे कळते.

आता मुक्तिनाथाच्या वाटेकडे वळतो. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जात असल्याने पाट्या आपल्याला वाचता येतात. अर्थ मात्र कधी कधी चकवतो. 'खोला' म्हणजे ओढा. 'पहाड' म्हणजे वस्तीचे, शेतीचे डोंगर. त्यांच्यावरचे उंच, थंड कडे ते 'लेक'. आणि बारमाही बर्फाचे ते 'हिमाल'. ज्या लोकांनी उंचीप्रमाणे डोंगराला वेगळी नावे दिली, त्यांना उंचीचा अर्थ ठाऊक होता. वाटेवर वड-पिंपळाखाली दगडी 'चौतारा' लागतो. हा आपला गावचा पारच. ओझेवाल्याला पाठीवरचा भार टेकता यावा अशा बेताने तो बांधतात आणि तो बांधणे हे पुण्यकर्म मानतात. एखाद्या चौताऱ्यावर घटकाभर बसणे, हाही नेपाळातला एक न चुकवण्याजोगा अनुभव आहे.

काली गंडकीची दरी जगातील सर्वांत खोल दऱ्यांत गणली जाते. एका बाजूस 8,167 मीटर उंचीचा धवलगिरी, दुसऱ्या बाजूस 8,091 मीटरची अन्नपूर्णा, आणि मधून राखी रंगाचे पाणी. नदी या पर्वतांहून जुनी आहे. पर्वत उचलले जात असताना ती त्यांना कापीत राहिली, असे भूवैज्ञानिक सांगतात. शाळिग्रामाच्या पोटातले चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या शंखधारी सागरी जीवाचा ठसा होय. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता त्या काळचा, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. यामुळे श्रद्धेला बाध येतो असे मला वाटत नाही. ज्यात आपण विष्णूचे चक्र पाहिले, त्यात काळाचेही चक्र आहे, एवढेच.

मुक्तिनाथाचे देवालय सुमारे 3,700 मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तीन छपरांचे लहानसे मंदिर, मागे अर्धवर्तुळात 108 मुखांतून पडणारे बर्फगार पाणी. हिंदू ज्या मूर्तीला विष्णू म्हणून वंदन करतात, तिलाच बौद्ध अवलोकितेश्वर मानतात आणि तिच्या सेवेत बौद्ध भिक्षुणींचाही वाटा आहे. जवळच ज्वालामाईच्या मंदिरात खडकातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूची निळसर ज्योत पाण्याच्या झुळझुळीशेजारी तेवते. एकाच दारात दोन धर्मांची माणसे आपापल्या नावाने देवाला हाक मारतात आणि कोणी कोणाला अडवीत नाही. सबंध प्रवासात मला याहून मोलाचे दुसरे काही वाटत नाही.

पण येथेच एक कळकळीची सूचना. पूर्वी या वाटेला दिवसच्या दिवस पायी चालावे लागे आणि त्या चालण्यातच शरीर उंचीला सरावत असे. गेल्या दोन दशकांत मोटारीचा रस्ता झाला; जोमसोमला विमान उतरते, हेलिकॉप्टरही मिळते. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर राहणारे आपण दोन-तीन दिवसांत त्या विरळ हवेत उभे राहतो. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न करता खाली उतरावे. तेथे औषधापेक्षा उतार महत्त्वाचा. पोखऱ्याहून निघून तातोपानी, काळोपानी, कागबेनी असे मुक्काम करीत जावे. कागबेनीहून सकाळी दर्शनास जाऊन मुक्कामाला पुन्हा खाली यावे. दुपारी दरीत वारा फार जोराचा सुटतो, हेही लक्षात ठेवावे. हृदयविकार असलेल्यांनी धारांखाली स्नानाचा आग्रह धरू नये. मस्तकी पाणी शिंपडल्याने पुण्य उणे होत नाही. वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या मुलांनी तर सहलीचे वेळापत्रक आधी नीट तपासावे आणि एक रात्र वाढवून मागावी. त्या रात्रीचा खर्च फार नाही. ती वाचवण्याची किंमत मात्र कधी कधी परत न येणारी असते.

आणि त्या वाढीव दिवसाचा लाभ केवळ प्रकृतीपुरता नाही. त्याच दिवशी कागबेनीच्या काठावर बसायला मिळते, थकाली घरात चुलीपाशी डाळभात खायला मिळतो, नदीच्या वाळूत उकिडवे बसून काळे गोटे उलटसुलट करणारी गावची मुले दिसतात. शिखरे विमानाच्या खिडकीतूनही पाहता येतात. ज्या पाण्याने आपल्या देव्हाऱ्यातला दगड घडवला, त्या पाण्यात हात बुडवायला मात्र थांबावेच लागते. आपणा सर्वांना तसे थांबण्याची सवड मिळो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.