ओझं कुणाच्या डोक्यावर?



इंडोनेशियातल्या बाली बेटावर तुलांबेन हे समुद्रकाठचं गाव आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने ‘लिबर्टी’ या अमेरिकी मालवाहू जहाजावर टॉर्पेडो सोडला. फुटलेलं जहाज ओढत आणून इथल्या किनाऱ्याला लावलं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते घसरून समुद्रात गेलं. आज ते साधारण ५ ते ३० मीटर खोलीवर आहे. लोखंडावर प्रवाळ वाढलं, कपारींत मासे राहू लागले. ते पाहायला जगभरचे पाणबुडे येतात.

बुडी मारायला हवेची टाकी लागते. भरलेली टाकी साधारण १५ किलोंची. गोट्यांच्या किनाऱ्यावरून ती डोक्यावर वाहून आणतात गावातल्या बाया, कधी एका खेपेत दोन-दोन.

डोक्यावर ओझं, पायाखाली सरकते गोटे, आणि तोल ढळू द्यायचा नाही. हे कौशल्य आहे, हे हंडे वाहणाऱ्या आपल्या बायांना वेगळं सांगायला नको. पण प्रवाशांच्या फोटोत ती ‘गंमत’ म्हणून येते, कामगार म्हणून नाही.

पर्यटनाने गावाचा विकास झाला असं कुणी म्हणालं, की आपण आधी विचारायचं: ओझं कुणाच्या डोक्यावर आहे, आणि त्याचा दाम कोण ठरवतं?