याच्यानं पोट भरते काय?

मंडपात मागं उभे असलेले पालक आणि ह्या पाहुण्याचं भाषण संपून आपला डान्स कधी सुरू होतो याची वाट पाहणाऱ्या माझ्या पोट्टे-पोट्ट्यांनो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढं 'माजी बास्केटबॉलपटू' असं छापलं आहे. ते वाचून वर्ध्यातला, हिंगणघाटातला, पुलगावातला कोणताही बाप जो प्रश्न विचारील तो मीच विचारून टाकतो. याच्यानं पोट भरते काय?

प्रश्न रास्त आहे. खेळानं चारित्र्य घडतं वगैरे सांगून तो टाळता येतो, आणि आम्ही पाहुणे मंडळी तो टाळतोच. आज जरा सरळ उत्तर देतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या टी-शर्टवर अमेरिकेतल्या एनबीएच्या संघांची नावं असतात, म्हणून आधी तिथली गोष्ट. पंजाबमधल्या बल्लोके नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग भामरा. उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत तयार झाला आणि २०१० साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. २०१५ च्या जूनमध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, डॅलस मॅव्हरिक्सनं त्याचं नाव पुकारलं. साठ जणांत बावन्नावा. भारतात जन्मलेला खेळाडू तिथं निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं.

पुढचं कमी छापून आलं. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या लीगमध्ये टेक्सास लेजेंड्सकडून खेळला, तिथंही बराचसा वेळ बाकावर गेला. भारतात परत आला तर इथली व्यावसायिक लीग दोन-तीन वर्षं चालून बंद पडलेली. त्यात उत्तेजक चाचणीत अडकला आणि दोन वर्षांची बंदी आली. आज तो अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीत दिसतो. कोणी हसू नका. चौदाव्या वर्षी परक्या देशात एकटं राहून तो जिथवर पोचला तिथवर त्याच्या आधी आपल्यातलं कोणी पोचलं नव्हतं. पण 'एनबीएत जाईन' हे उत्तर घेऊन वडिलांसमोर उभं राहू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता दुसरी गोष्ट, आपल्या महाराष्ट्रातली. मुंबईत भायखळ्याच्या जवळ नागपाडा आहे. दाट वस्ती, कष्टकऱ्यांची घरं, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. अमेरिकन मराठी मिशन ही जुनी संस्था, आपलं 'ज्ञानोदय' नियतकालिक चालवणारी तीच. तिचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथं 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू केलं. आज सगळ्या देशाला माहीत असलेली टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली ह्याच नेबरहुड हाउसमधून निघाली. ते मोठं काम, पुस्तकात सापडतं. माझ्या लेखी त्या भागातलं दुसरं कामही तितकंच मोठं. तिथं बास्केटबॉल रुजला.

रुजला कसा, हे आपल्या देवळीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. देवळीत तालीम कशी असते? घराजवळ असते, संध्याकाळी उघडी असते, लहान पोरगं मोठ्यांच्या कुस्त्या बघत बघत मातीत उतरतं आणि वस्ताद रोज हजर असतो. नागपाड्यात हेच सिमेंटच्या कोर्टवर झालं. तिथले वस्ताद होते बच्चूखान. गल्लीतल्या पोरांना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, त्यांच्या नावाचं महापालिकेचं मैदान आजही तिथं आहे. तेवढ्याशा वस्तीतून भारताच्या संघात किती पोरं गेली हे पाहिलं की आपल्या मोठमोठ्या क्रीडा संकुलांचं काय करायचं असा प्रश्न पडतो.

त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव गुलाम अब्बास मुंतसिर. जन्म १९४२ चा. भारताचं कर्णधारपद त्यांनी भूषवलं आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. त्यांच्या उमेदीचा तो काळ आपल्या बास्केटबॉलचाही चांगला काळ होता. १९७५ साली बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला, त्याच्या वर आपण अजून गेलेलो नाही. आणि पोट? ते रेल्वेनं भरलं. मुंतसिर पश्चिम रेल्वेकडून खेळले.

हे नीट ऐका, कारण तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आपल्या देशात बास्केटबॉलचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे बहुतेक वेळा नोकरदार खेळाडू. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, बँका. सकाळ-संध्याकाळ सराव, मधे ऑफिस, वर्षातून काही आठवडे स्पर्धा. वाराणसीचा विशेष भृगुवंशी, भारताचं कर्णधारपद भूषवलेला, २०२० चा अर्जुन पुरस्कारविजेता, तो ओएनजीसीत. मीही रेल्वेतच होतो, ती नोकरी खेळामुळंच मिळाली. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. बोगस प्रमाणपत्रं करून ते लुटणारेही आहेत, तो वेगळा विषय, पण खऱ्याला जागा आहे. हे एनबीएसारखं झगमगीत नाही. गुडघे तिशी ओलांडली की बोलायला लागतात, आणि तेव्हा पगारपत्रक हातात असलेलं बरं.

मुलींनो, तुमच्याकडं वळतो. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली आहे हे किती जणींना ठाऊक आहे? २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' गटाचा अंतिम सामना झाला. समोर कझाकस्तान. आपल्या मुली ७५–७३ नं जिंकल्या आणि वरच्या गटात गेल्या. शिरीन त्या संघात होती. तमिळनाडूची अनिता पॉलदुराईही होती, मूल झाल्यावर मैदानात परतलेली. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. लग्न झालं की खेळ संपला असं सांगणाऱ्या काकूंना हे नाव सांगा.

आणि नागपूरच्या संघांसमोर आपले खांदे पडतात ना, त्यावर एक औषध. विवेक रणदिवे हे मुंबईत वाढलेले, तरुणपणी अमेरिकेला गेलेले उद्योजक. २०१३ पासून एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक. त्याआधी ते आपल्या लेकीच्या, बाराएक वर्षांच्या मुलींच्या संघाचे कोच झाले. स्वतः कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. मुलींना धड ड्रिबल येईना, लांबून बास्केट पडेना. रणदिवेंना एक गोष्ट विचित्र वाटली : बास्केट झाली की सगळे संघ मुकाट आपल्या अर्ध्यात परत जातात आणि समोरच्याला निम्मं मैदान फुकट चालू देतात. का? त्यांनी मुलींना अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मीटरवर अडवायला लावलं. चेंडू आत टाकतानाच घेराव. तरबेज संघांच्या मुली गडबडल्या आणि ह्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. समोरच्या संघांचे कोच चिडायचे, हा काही खेळ झाला का म्हणायचे. नियमात बसतं, मग झालाच की! दम मात्र लागतो. वर्ध्याच्या उन्हात पळालेल्या पोरींना दमाचं काय सांगायचं?

मुख्याध्यापक मॅडम, एक विनंती तुम्हाला. तुमच्या कोर्टवरची रिंग मी येताना पाहिली. जमिनीपासून ३.०५ मीटर, डॅलसमध्येही तेवढीच असते. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागतं असं कळलं. मार्चनंतर आपल्याकडं सिमेंटवर दुपारी पाय ठेववत नाही. खेळायची वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, आणि नेमकं तेव्हाच कुलूप. एक दिवा आणि जबाबदार माणसाकडं एक किल्ली, इतकंच हवं. माजी विद्यार्थ्यांतला कोणी किल्ली सांभाळायला तयार असेल तर त्यानं कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागं मला भेटावं, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी नागपूरहून येईन.

माझ्याकडून शाळेला सहा चेंडू आणले आहेत. तीन सात नंबरचे, तीन सहा नंबरचे. सहा नंबरचा थोडा लहान असतो, तो मुलींचा. मुलांनो, तो पळवायचा नाही.