किताब, पदवी आणि रक्तशुद्धी : व्हेनेझुएलातील एक इतिहास

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉक्टर व्यासपीठावर आला की मधुमेहावर किंवा हृदयविकारावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आजही विषय रक्ताचाच आहे; परंतु प्रयोगशाळेतील रक्ताचा नव्हे. स्पेनच्या साम्राज्यात 'रक्तशुद्धी' नावाची एक कायदेशीर संकल्पना होती. तिच्या दाखल्यावर कोणाला सरदारकी मिळावी, कोणाला विद्यापीठात प्रवेश मिळावा आणि कोणाच्या पत्नीने चर्चमध्ये कोणते वस्त्र पांघरावे, हे ठरत असे. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला या स्पॅनिश वसाहतीत या व्यवस्थेचे काय झाले, ते आपणापुढे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. मराठीत 'पदवी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. विद्यापीठ देते तीही पदवी आणि राजा देतो तीही पदवी. दुसऱ्या अर्थासाठी आम्ही येथे 'किताब' हा शब्द वापरणार आहोत. भारतीय संविधानाच्या अठराव्या कलमाने हा भेद नेमका केला आहे. लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळता राज्य कोणताही किताब देणार नाही, असे ते कलम सांगते. आमच्या स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत प्रत्येक नावामागे डॉक्टर, इंजिनिअर, अॅडव्होकेट अशी बिरुदे असतात. त्यांची थट्टा कधीकधी आम्हीही करतो. पण ही बिरुदे परीक्षा देऊन मिळविलेली आहेत, वडिलांकडून आलेली नाहीत. व्हेनेझुएलात मात्र किताब हा पदवीच्या दारावरचा पहारेकरी होता.

कराकस शहराची स्थापना १५६७ साली झाली. मेक्सिको आणि पेरू येथे चांदी होती. व्हेनेझुएलाला संपत्ती मिळाली ती कोकोच्या बागांतून, आणि त्या बागांत राबत ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. बागांचे मालक असलेल्या गोऱ्या घराण्यांना 'मांतुआनो' म्हणत. 'मांतो' नावाचे पांघरण घेऊन चर्चमध्ये जाण्याचा मान केवळ या घराण्यांतील स्त्रियांना होता, त्यावरून हे नाव पडले. स्पॅनिश वसाहतींच्या कायदेसंहितेत तर स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांना सोने, मोती आणि रेशीम वापरण्यास मनाई होती. कोणत्या धातूचे दागिने घालावेत आणि लुगडे कसे नेसावे, याविषयी आपल्या आजी-पणजीला गावाने काय सांगितले होते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या मांतुआनोंपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच घराण्यांना राजाकडून मार्केस किंवा काउंट हे किताब मिळाले. १७३२ साली बेर्नार्दो रोद्रिगेझ देल तोरो हा 'मार्केस देल तोरो' झाला. पुढे तोव्हार घराण्याला काउंटचा किताब मिळाला. किताबासाठी सेवा दाखवावी लागे, पैसा भरावा लागे आणि पूर्वजांच्या रक्तात ज्यू, मूर किंवा आफ्रिकी अंश नाही, असे कागदोपत्री सिद्ध करावे लागे. पैसा कोठून येतो हे सर्वांना ठाऊक असल्याने लोक या मंडळींना 'ग्रांदेस काकाओस', म्हणजे 'बडे कोको', असे म्हणत. ही थट्टा आम्हाला फार आवडते.

आता एका घराण्याची हकीकत ऐका. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नायक सिमोन बोलिव्हार याचा जन्म २४ जुलै १७८३ रोजी कराकसमध्ये झाला. त्याच्या आजोबांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मार्केस दे सान लुईस' हा किताब घेण्यासाठी मोठी रक्कम मोजली. राजाने हा किताब विकून पैसा उभा करण्याची मुभा मोन्सेरातच्या मठाला दिली होती. व्यवहार ठरला, पैसा गेला. पण वंशावळ तपासताना गाडी अडली. बोलिव्हारच्या आजीची आई, होसेफा मारिन, ही एका श्रीमंत मालकाची विवाहबाह्य कन्या होती. त्या मालकाने मृत्युपत्रात तिला आपली मुलगी म्हणून मान्य केले; परंतु तिच्या आईचे नाव त्याने लिहिले नाही. नाव नाही, म्हणजे वंश माहीत नाही. वंश माहीत नाही, म्हणजे रक्ताची खात्री नाही. बोलिव्हारचा मामा एस्तेबान पालासियोस १७९२ साली माद्रिदला गेला आणि त्याने सिमोनच्या थोरल्या भावासाठी हाच किताब मिळविण्याचा पुन्हा प्रयत्न केला. तोही निष्फळ ठरला. गुलाम, बागा, तांब्याच्या खाणी, सर्व काही असलेल्या या घराण्याला एका अनामिक स्त्रीमुळे किताब मिळू शकला नाही. त्या स्त्रीविषयी आम्हाला अतीव कुतूहल वाटते; पण तिचे नाव कोणत्याही कागदावर नाही.

याच शहरातील दुसरी घटना १७६९ सालची आहे. सेबास्तियान दे मिरांदा हा कॅनरी बेटांतून आलेला गोरा व्यापारी पलटणीत कप्तान झाला. कापडाचा व्यापार करणाऱ्या माणसाने अधिकाऱ्याचा गणवेश घालावा आणि हाती काठी धरावी, हे मांतुआनोंना सहन झाले नाही. त्यांनी तक्रार केली. मिरांदाने साक्षीदार आणि कागद गोळा करून आपल्या रक्तशुद्धीचे प्रमाणपत्र तयार केले आणि १७७० साली राजाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. आता लक्षात घ्या, येथे दोन्ही पक्ष गोरेच होते. अपमान झालेल्या मिरांदाने 'असे प्रमाणपत्र मागणेच चूक आहे' असे म्हटले नाही. त्याने ते मिळवून दाखविले. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे लक्षण हेच. पायरीवर उभा असलेला प्रत्येक जण वरच्याविषयी तक्रार करतो, परंतु शिडी मोडावी असे त्याला वाटत नाही, कारण त्याच्याही खाली कोणीतरी उभे असते. या सेबास्तियानचा मुलगा फ्रान्सिस्को दे मिरांदा पुढे क्रांतिकारक झाला. तो अनेक वर्षे लंडनमध्ये, आजच्या ग्राफ्टन वे या रस्त्यावरील घरात राहत होता, आणि १८१० साली लंडनला आलेल्या तरुण बोलिव्हारची व त्याची भेट झाली ती याच मुक्कामात. वॉरेन स्ट्रीट स्थानकापासून हे घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे निवासस्थान आपण मुलांना दाखवितो, तेव्हा हे घरही दाखवावे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनेझुएलाची सुमारे निम्मी लोकसंख्या 'पार्दो' म्हणून ओळखली जाई. पार्दो म्हणजे आफ्रिकी अंश असलेले स्वतंत्र लोक. ते कारागीर होते, शिपाई होते, काही सुखवस्तू व्यापारीही होते. परंतु विद्यापीठ, धर्मगुरूंचा वर्ग आणि सरकारी पदे त्यांना बंद होती. १० फेब्रुवारी १७९५ रोजी स्पेनच्या राजाने शुल्क भरून मिळणाऱ्या सवलतींचा एक दरपत्रक-वजा हुकूम काढला. त्यातील काही नोंदी अशा : पार्दो या दर्जातून मुक्ती, ५०० रिआल. 'किंतेरोन', म्हणजे आफ्रिकी अंश आणखी कमी असलेला, या दर्जातून मुक्ती, ८०० रिआल. नावामागे 'डॉन' लावण्याचा अधिकार, १००० रिआल. (हिंदी चित्रपटांमुळे 'डॉन' म्हणजे गुंडांचा म्होरक्या असे आपण समजतो, स्पेनमध्ये ती प्रतिष्ठेची उपाधी होती.) १८०१ साली हे दर वाढविण्यात आले.

हा हुकूम म्हणजे समतेचे पाऊल होते काय? आमचे मत असे की नव्हते. राजाने पार्दोवरील कलंक खोटा आहे असे म्हटले नाही; तो कलंक एका व्यक्तीपुरता काढून घेण्याची किंमत फक्त सांगितली. ज्याने पैसे भरले तो सुटला. त्याचा भाऊ, त्याचा शेजारी जेथे होता तेथेच राहिला. तरीही कराकसच्या नगरसभेने २८ नोव्हेंबर १७९६ रोजी राजाकडे तीव्र निषेध नोंदविला. हीन मानलेल्या लोकांशी बरोबरी करावी लागली तर प्रतिष्ठित घराण्यांना येथे राहणे अशक्य होईल, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षी दिएगो मेहियास बेहारानो या पार्दोने शुल्क भरून मुक्ती मिळविली होती. त्याची इच्छा साधी होती : आपल्या मुलाने विद्यापीठात शिकावे. राजाची सही असलेला कागद हातात असताना कराकसच्या विद्यापीठाने या मुलाच्या प्रवेशाला कडाडून विरोध केला आणि हा वाद वर्षानुवर्षे चालला. पनामाच्या होसे पोन्सियानो दे आयार्झा या तरुणाचेही असेच झाले. तो बोगोटात कायद्याचे शिक्षण घेत होता. १७९७ साली राजाने त्याचा पार्दो हा दर्जा रद्द केला, म्हणून त्याला पदवी मिळाली. वडिलांनी अर्ज तीन मुलांसाठी केला होता. मंजूर झाला एकाचा.

आमच्या व्यवसायाचा यात फार जवळचा संबंध आहे. रक्तशुद्धीच्या अटीतून सूट मागणाऱ्या अगदी प्रारंभीच्या अर्जदारांत क्यूबातील पार्दो शस्त्रवैद्य होते. रोग्याच्या जखमा धुणे, शिर उघडणे, हाड बसविणे ही हाताची कामे त्यांनी करावीत याला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती त्यांना रीतसर परवाना आणि पदवी देण्याला. लीमा शहरात होसे मानुएल व्हाल्देस हा धोबिणीचा मुलगा नामांकित शस्त्रवैद्य झाला, तरी वैद्यकाची पदवी घेण्यासाठी त्याला १८०६ साली स्पेनच्या राजाची सूट मिळवावी लागली. त्या वेळी तो जवळजवळ चाळीस वर्षांचा होता. पुढे स्वतंत्र पेरूमध्ये तो देशाचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी झाला. आम्ही तीस वर्षे रक्ताचे नमुने पाहत आहोत. त्यात गट सापडतो, साखर सापडते, मलेरियाचे जंतू सापडतात.

५ जुलै १८११ रोजी व्हेनेझुएलाने स्वातंत्र्य जाहीर केले. त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत चौथा मार्केस देल तोरोही होता. डिसेंबरमध्ये संविधान आले. त्याने पार्दोंना हीन ठरविणारे सर्व जुने कायदे रद्द केले आणि लगेच पुढच्या कलमात पूर्वीच्या राजवटीचे सर्व किताब रद्द केले. 'नागरिक' याखेरीज कोणतेही सार्वजनिक संबोधन राहणार नाही, असेही त्यात म्हटले. वरचा किताब आणि खालचा कलंक एकाच ठिकाणी मोडला, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. भारतीय संविधानातही अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम आणि किताब बंद करणारे अठरावे कलम शेजारी-शेजारी आहेत.

परंतु कागदावरील समता आणि प्रत्यक्ष यांत अंतर होते. याच संविधानाने मताधिकार मालमत्तेला बांधला. गुलामांचा व्यापार बंद केला, गुलामगिरी मात्र ठेवली. हे मांतुआनोंचे प्रजासत्ताक आहे, अशी पार्दो आणि गुलाम यांच्यापैकी अनेकांची खात्री झाली आणि त्यांनी शस्त्र उचलले ते राजाच्या बाजूने! १८१४ साली बोव्हेस या सरदाराच्या घोडदळाने प्रजासत्ताक चिरडले, त्यात बहुसंख्य हेच लोक होते. ज्यांना अजून काही मिळालेले नाही त्यांनी कोणत्या स्वातंत्र्यासाठी मरावे, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

बोलिव्हार या पराभवातून शिकला. हैतीचे अध्यक्ष पेतियों यांनी त्याला जहाजे आणि शस्त्रे दिली, ती गुलामांना मुक्त करण्याच्या वचनावर. आणि १८१६ साली त्याने तसा हुकूम काढला. तरीही तो पूर्णपणे निर्मळ झाला असे आम्ही म्हणणार नाही. १८१७ साली त्याने मानुएल पियार या पार्दो सेनापतीला वर्णयुद्ध पेटविल्याच्या आणि बंडाच्या आरोपावरून गोळ्या घालविल्या. इतर बंडखोर गोऱ्या सेनापतींना मात्र क्षमा मिळाली. १८१९ साली अंगोस्तुरा येथे त्याने वंशपरंपरागत सीनेटची सूचना मांडली. नमुना होता या देशाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा. किताबाच्या व्यवस्थेने ज्याच्या घराण्याला नाकारले, त्यालाही जन्मसिद्ध सभागृहाचा मोह पडावा! परिषदेने वंशपरंपरेची ही कल्पना स्वीकारली नाही. याउलट १८२६ साली, नेपोलियनसारखा मुकुट धारण करावा असे त्याला सुचविण्यात आले, तेव्हा त्याने ते नाकारले. 'लिबर्टाडोर', म्हणजे मुक्तिदाता, ही कराकसने १८१३ साली दिलेली उपाधी त्याला सर्व मुकुटांहून मोठी वाटे.

१८२७ साली बोलिव्हार कराकसला अखेरचा आला, तेव्हा त्याने विद्यापीठाचे नियम बदलले. वर्णाच्या आधारे प्रवेश नाकारणारी बंधने गेली. आणखी एक जुना नियम असा होता की वैद्यकाचा पदवीधर कुलगुरू होऊ शकत नाही; तोही गेला. त्यामुळे एडिंबरोत शिकलेले डॉक्टर होसे मारिया व्हार्गास हे कुलगुरू झाले आणि पुढे १८३५ साली देशाचे अध्यक्षही झाले. डॉक्टर म्हणून या घटनेचा आम्हाला थोडा अधिकच आनंद होतो, तो आपण समजून घ्यावा. मेहियास बेहारानोने ज्या दारावर पैसे आणि राजाची सही घेऊन टकटक केली होती, ते दार तीस वर्षांनंतर असे उघडले.

जुलै १८२७ मध्ये कराकसमधील आपली शेवटची रात्र बोलिव्हारने मित्राच्या वाड्यात काढली. हा मित्र म्हणजे मार्केस देल तोरो. त्याचा किताब १८११ पासून कायद्याने संपलेला होता, तरी लोक त्याला 'मार्केस' याच नावाने ओळखत राहिले. तो १८५१ साली वारला. गुलामगिरी रद्द झाली ती त्यानंतर तीन वर्षांनी, मार्च १८५४ मध्ये. त्याच्या अनाउको येथील वाड्यात वसाहतकालीन कलेचे संग्रहालय झाले. व्हेनेझुएलाच्या १९९९ सालच्या संविधानाच्या एकविसाव्या कलमात पुन्हा लिहिले गेले की सरदारकीचे किताब आणि वंशपरंपरागत भेद मान्य केले जाणार नाहीत. १८११ साली लिहिलेली गोष्ट १८८ वर्षांनी पुन्हा लिहावी लागली.

 प्रश्न असतील तर भोजनापूर्वी अवश्य विचारावेत, मधुमेहाचेही चालतील.

जयभीम.