रातांब्याची घाई



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही. तेव्हा जे हाताने केले तेवढेच सांगते.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले, त्यात सासूबाईंनी लावलेला परसातला रातांबा मुळासकट पडला. मंडळाची आमसुले बरीचशी त्याचीच असत. पडल्या झाडाखालची फळे मी वेचली, बिया राखेत चोळून धुतल्या. कोकमाचे बी वाळले की रुजत नाही, म्हणून लगेच पेरावे लागते. पेरले तरी वर यायला महिना सहज जातो. मला एवढा धीर कुठला!

खतांच्या दुकानातून जिबरेलिक आम्लाची एक ग्रॅमची पुडी आणली. बी रुजताना हे द्रव्य आपल्या पोटात स्वतःच तयार करते, आपण वरून थोडे देतो इतकेच. पूड नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी चमचाभर स्पिरिटात विरघळवायची, मग पाच लिटर पाण्यात घालायची. माप सांगितलेले होते. पण भाजीत तिखट घालताना माझा हात सैल, तसाच इथेही! सगळी पुडी लिटरभर पाण्यात घातली. निम्म्या बिया त्यात रात्रभर भिजवल्या, निम्म्या साध्या पाण्यात. रोपे वर आल्यावर पुन्हा तसलेच पाणी फवारले.

औषधाची रोपे भराभर वाढली. मी शेजारणींना बोलावून दाखवली. हे मात्र म्हणाले, "अगं, पिवळी दिसतात." श्रावणातल्या एका सरीत ती सारी आडवी झाली. उंची होती, पण काडीत जीव नव्हता.

पुढे कळले की या द्रव्याचा शोधच अशा रोपांवरून लागला. जपानात भाताची काही रोपे उंच, फिकी होऊन कोसळत. शेतकरी त्यांना वेडी रोपे म्हणत. ती बुरशीने होतात आणि बुरशी सोडते त्या द्रव्यानेच उंच होतात, हे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवले. माझ्या परसात मी वेडी रोपेच केली होती!

आता एक ग्रॅमला पाच लिटर, आणि तेही फक्त बी भिजवायला. फवारणी बंद. वाढीला शेणखत आणि सावली लागतेच, त्यांचे काम पुडी करत नाही.

आणखी एक. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी. बियांची साधारण निम्मी रोपे नर निघतात, आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. औषधाने नराची मादी होत नाही. खात्रीचे फळ हवे तर फळणाऱ्या झाडाची काडी आणून कोवळ्या रोपावर कलम करावे. सासूबाईंच्या झाडाच्या काड्या मात्र मी त्या दिवशी सरपणात घातल्या. तेव्हा हे ठाऊक नव्हते.

आज दाराशी चौदा रोपे ठेवली आहेत. तांबडा दोरा बांधलेली सहा कलमे आहेत, ती आधी न्या. बाकीची नर की मादी, ते मला विचारू नका.