एका स्वाध्यायाची फजिती

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी शिक्षणाविषयी काही गंभीर बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. परंतु आम्ही पडलो केवळ मॅट्रिक. गंभीर बोलण्यास पदवीधर वक्ते पुढे आहेतच. आम्ही आपणांस एक फजितीची हकीकत सांगतो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि फळ्याची जागा मोबाइलने घेतली. आमचे एक जुने सहकारी तेव्हा चौथीच्या वर्गास शिकवीत होते. त्यांनी रात्र जागून संगणकावर मराठीचा दोन पानी स्वाध्याय तयार केला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर धाडून दिला. नवल असे की, मोबाइलवर त्यातील एकही मराठी अक्षर उमटले नाही. दिसली ती केवळ इंग्रजी अक्षरांची व कंसांची खिचडी.

याचे कारण मोठे मौजेचे आहे. संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या टंकांत, म्हणजे फॉन्टांत, मराठी अक्षर हे वरवरचे सोंग असते. आत साठविले जाते ते इंग्रजी अक्षरच. अशा एका प्रचलित टंकात ‘कमल’ लिहिले, तर यंत्र ‘डी, ई, वाय’ एवढेच ध्यानात ठेवते. ज्या यंत्रात तो टंक नाही, तेथे सोंग उतरते. युनिकोड पद्धतीत मात्र ‘क’ या अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीस तीत १९९१ सालीच स्थान मिळाले. तो क्रमांक कोणत्याही यंत्रात बदलत नाही.

असो. दोन दिवस गटावर संपूर्ण शांतता. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी लिहिले, “सेमी-इंग्रजी सुरू केल्याबद्दल अभिनंदन!” त्याच सायंकाळी एका मुलीच्या वहीची छायाचित्रे आली. तिने ती दोन्ही पाने, प्रत्येक कंसासह, सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. मथळ्याखाली तांबडी रेघ. शेवटी विनंती होती : “गुरुजी, तिसरा प्रश्न कळला नाही.”

म्हणजे पहिले दोन कळले होते!

गुरुजींनी तिला शुद्धलेखनाचे पूर्ण गुण दिले. आम्हीही ही हकीकत ऐकून पोटभर हसलो. परंतु त्या मुलीच्या आईस दूरध्वनी केला, तेव्हा ती माउली म्हणाली, “आम्हांला वाटलं, आम्हांलाच वाचता येत नाही.” हे ऐकून आमचे हसू विरले. पस्तीस घरांत तो कागद गेला होता, आणि आजोबांचे अभिनंदन वगळता हे काय आहे, असे एकाही घरातून कोणी विचारले नाही. शिक्षकांनी धाडलेल्या कागदापुढे आपली माणसे किती लवकर मान खाली घालतात! गुरुजींनी त्याच रात्री स्वाध्याय हाताने लिहिला आणि त्याचे छायाचित्र धाडले. हस्ताक्षरास टंक लागत नाही.

आता थोडे घरचे. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका व कुलवृत्तांताची पाने कार्यालयातील संगणकात त्याच जुन्या टंकांत पडून आहेत. कोणता टंक वापरला, हे ठाऊक असलेली माणसे आहेत तोवर ती युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत. रूपांतर यंत्र करते, पण जोडाक्षरांत ते हमखास अडखळते. तेव्हा मुद्रिते माणसालाच तपासावी लागतील. चिटणीसांनी हे काम येत्या उन्हाळ्यात काढावे. आम्ही रोज दोन तास येऊन बसू. चष्मा आमचा आम्ही आणू, चहाचे मंडळाने पाहावे.