परळला जायचंय? मग दादरला उतरा



मुंबईत बाहेरगावाहून रोज जी माणसं येतात, ती सगळीच काही गेटवे आणि राणीची बाग बघायला येत नाहीत. पिशवीत एक्स-रे, रिपोर्टांची फाइल आणि तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येणारीही खूप असतात. त्यांचा मुक्काम असतो परळ. केईएम रुग्णालय १९२६ सालापासून आणि टाटा मेमोरियल १९४१ सालापासून तिथे उभी आहेत, मुलांचं वाडिया रुग्णालयही तिथेच. आजारी माणूस ओपीडीच्या रांगेत पोहोचतो तेव्हा निम्मा प्रवासानंच गळालेला असतो, हे मला बघवत नाही. यातला बराचसा त्रास टाळता येतो. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

विदर्भ, देवगिरी, महालक्ष्मी, मांडवी या गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे सीएसएमटीला जातात. मुंबईला जायचं म्हणून माणसं गाडीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात आणि तिथून परळचा रस्ता विचारत मागे येतात. या गाड्या दादरला थांबतात. परळ हे दादरच्या पुढचंच स्टेशन. सीएसएमटी मात्र दादरपासून नऊ किलोमीटर पुढे. तेव्हा तिकीट कुठपर्यंतचंही असो, उतरा दादरलाच. एवढंच की दादरला गाडी फार वेळ थांबत नाही. ठाणं गेलं की पेशंटला उठवा, चपला घाला, सामान दाराजवळ आणा. गाडी थांबल्यावर बर्थखालची पिशवी शोधायला वेळ मिळत नाही.

दादर स्टेशनावर मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे एकमेकींना खेटून आहेत. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट असायचा आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग नंबर झाले. तुम्ही मध्य रेल्वेच्या गाडीनं आलात तर पूर्वेच्या बाजूनं बाहेर पडा. तिथून रुग्णालयं दोन-अडीच किलोमीटरांवर आहेत. इथे रिक्षा शोधू नका, सायन आणि माहीमच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही. काळी-पिवळी टॅक्सी करा आणि मीटर टाकायला सांगा. फेब्रुवारी २०२५मध्ये ठरलेल्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये होतात. या एवढ्याशा अंतराला कुणी तीनशे मागितले तर सरळ पुढच्या टॅक्सीकडे जा.

पेशंट चालता-फिरता असेल तर दादरहून सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल पकडून परळला उतरता येतं, तिकीट ५ रुपये. पण सकाळी आठ ते अकरा या वेळात, सामान आणि आजारी माणूस घेऊन, हे धाडस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोकलनं जायचंच असेल तर एक गोष्ट माहीत हवी, जी फार थोड्यांना माहीत असते. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही बसता येतं. रुग्णालयाचा कागद वरच्या खिशात ठेवा. कुणी हटकलं तर संकोच न करता दाखवा, तो तुमचा हक्क आहे.

लोकमान्य टिळक टर्मिनस आणि वांद्रे टर्मिनसला येणाऱ्यांना जरा जास्त जपावं लागतं. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकल स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. टिळक टर्मिनसवरही लोकल त्याच आवारात मिळत नाही, कुर्ला किंवा टिळक नगर गाठावं लागतं. पेशंट अशक्त असेल तर इथे पैसे वाचवू नका, थेट टॅक्सी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निघण्याआधी कागदावरचा पत्ता नीट वाचा. टाटाचं एक मोठं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे, त्याला ॲक्ट्रेक म्हणतात. पुष्कळ रुग्णांची तारीख तिथली असते आणि ते ‘टाटा’ एवढंच लक्षात ठेवून परळला येतात. मधलं अंतर तीस किलोमीटरांहून जास्त आहे. खारघरला जायचं असेल तर दादरपर्यंत येऊच नका. कोकणातून येणाऱ्यांनी पनवेलला उतरावं, तिथून लोकलनं खारघर तिसरं स्टेशन. नाशिक-मनमाडकडून येणाऱ्यांनी ठाण्याला उतरून पनवेल लोकल घ्यावी, ती सरळ खारघरला नेते. वाशी लोकलमध्ये मात्र चढू नका, ती खारघरला जात नाही.

एसटीनं येणाऱ्यांसाठी परळ आगार सोयीचं. महिलांना मार्च २०२३पासून एसटीत निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. सोबत येणारी बहुधा आई किंवा बायको असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

राहायची सोय नसेल तर दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत चौकशी करा, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. रविवारी डिस्चार्ज मिळाला तर निघण्याआधी लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणं, कोणत्या मार्गावर आहे ते विचारा.

आणि परतीचं तिकीट. उपचारासाठी ये-जा करणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तो आरक्षणाच्या खिडकीवर द्यावा लागतो. पुढची तारीख घेऊन बाहेर पडाल, तेव्हा हा दाखला त्याच फेरीत मागून घ्या.